विश्लेषण : ‘मी टीममध्ये उत्तम काम करतो’... भावी डॉक्टर-नर्सच्या या उत्तरावर किती विसंबायचे?

वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसीच्या विद्यार्थ्यांना एकत्र काम करता येते का, हे मोजण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे त्यांनाच विचारणे. वीस प्रश्न, प्रत्येकापुढे पाच-सात पर्याय, दहा मिनिटांत काम संपते. पण या गुणांमधून नेमके काय कळते आणि काय कळत नाही?

मार्च २००५. ब्रिटनमधील एका रुग्णालयात ३७ वर्षांच्या एलेन ब्रोमिली यांच्यावर सायनसची साधी, आधीपासून ठरलेली शस्त्रक्रिया होणार होती. भूल दिल्यानंतर काही मिनिटांतच त्यांचा श्वासमार्ग बंद झाला. घशातून नळी घालता येईना आणि मास्कने प्राणवायूही पुरेसा पोहोचेना. खोलीत अनुभवी भूलतज्ज्ञ होते, कान-नाक-घसातज्ज्ञ होते, जाणत्या परिचारिका होत्या. उपकरणांचीही कमतरता नव्हती.

अशा वेळी गळ्याला छेद देऊन थेट श्वासनलिकेत वाट करणे हा अखेरचा उपाय असतो. एका परिचारिकेने त्यासाठीचा संच आणला आणि तो आणल्याचे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात फोन करून खाट तयार ठेवायला सांगितली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचे भाव पाहून तिला वाटले, आपण उगाच घाई केली; तिने ती खाट रद्द केली. डॉक्टर मात्र नळी घालण्याच्याच प्रयत्नात अडकून राहिले. १३ दिवसांनी एलेन यांचा मृत्यू झाला.

काय करायला हवे हे आपल्याला कळत होते, पण ते डॉक्टरांना कसे सांगावे हे कळत नव्हते, असे परिचारिकांनी नंतर सांगितले.

एलेन यांचे पती मार्टिन ब्रोमिली व्यवसायाने वैमानिक. आपल्या क्षेत्रात अशा घटनेची चौकशी कशी होते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी कोणा एकाला दोषी ठरवण्याचा हट्ट धरला नाही; माणसे एकत्र काम करताना नेमकी कुठे कमी पडतात याचा अभ्यास व्हावा, असा आग्रह धरला. २००७ मध्ये त्यांनी ‘क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप’ स्थापन केला. ही घटना आज अनेक देशांत वैद्यकीय शिक्षणात शिकवली जाते.

आता एक प्रश्न. त्या खोलीतल्या प्रत्येकाला आदल्या दिवशी एक कागद देऊन ‘तुम्ही टीममध्ये किती चांगले काम करता?’ असे विचारले असते, तर किती जणांनी स्वतःला कमी गुण दिले असते?

टीमवर्क हा अभ्यासाचा विषय कधी झाला?

अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने १९९९ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. टाळता येण्याजोग्या चुकांमुळे अमेरिकी रुग्णालयांत दर वर्षी ४४ हजार ते ९८ हजार रुग्णांचा मृत्यू होत असावा, असा अंदाज त्यात होता. या आकड्यावर पुढे बरेच वाद झाले. पण बऱ्याच चुका एका माणसाच्या अज्ञानातून नव्हे, तर दोन माणसांमधल्या फटीतून घडतात, हा त्यातला मुद्दा टिकून राहिला. पाळी बदलताना न सांगितलेली गोष्ट, फोनवर चुकीचा ऐकलेला डोस, ज्येष्ठांसमोर गिळून टाकलेली शंका, या त्या फटी.

२००६ मध्ये अमेरिकेतील आरोग्य संशोधन संस्था ‘एएचआरक्यू’ आणि संरक्षण खाते यांनी मिळून ‘टीमस्टेप्स’ हा प्रशिक्षण कार्यक्रम आणला. त्याची मुळे बऱ्याच अंशी विमानसेवेत आहेत. १९७७ मध्ये तेनेरीफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन ५८३ जण दगावले. त्यानंतर कनिष्ठाने कॅप्टनला कसे अडवावे, याचे प्रशिक्षण वैमानिकांना देण्यास सुरुवात झाली. तीच शिकवण रुग्णालयात आली.

उदाहरणार्थ, टीमस्टेप्समध्ये कनिष्ठाला तीन पायऱ्या शिकवतात. आधी ‘मला काळजी वाटते’, मग ‘मला हे ठीक वाटत नाही’ आणि शेवटी ‘हा रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे’. एकदा सांगून ऐकले नाही तर पुन्हा एकदा सांगायचे, हाही नियमच. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेला डोस नर्सने मोठ्याने परत म्हणायचा आणि डॉक्टरांनी ‘बरोबर’ म्हणायचे, हेही त्यातलेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये यासाठी आराखडा दिला. दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात तेव्हाच ते आंतरव्यावसायिक शिक्षण, अशी व्याख्या त्यात आहे. एकाच सभागृहात डॉक्टर आणि नर्स होणाऱ्यांना शेजारी बसवून व्याख्यान दिले, तर ते या व्याख्येत बसत नाही.

शिकवायचे ठरले की पुढचा प्रश्न येतोच : जमले की नाही, हे मोजायचे कसे?

स्व-मूल्यमापन म्हणजे नेमके काय करतात?

शरीररचनाशास्त्राची परीक्षा घेता येते. सलाईन लावता येते का, हे समोर उभे राहून पाहता येते. पण सहकाऱ्याचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकणे, स्वतःची मर्यादा ओळखून दुसऱ्याला बोलावणे, वाद झाला तरी रुग्णाचे काम अडू न देणे, याची लेखी परीक्षा कशी घेणार? म्हणून प्रश्नावली.

यातली जुनी आणि बहुचर्चित प्रश्नावली म्हणजे ‘रिपल्स’. ब्रिटनमधील पार्सेल आणि ब्लाय यांनी ती १९९९ मध्ये मांडली. तिच्यात १९ विधाने आहेत. मात्र ती कौशल्य मोजत नाही. इतर शाखांच्या विद्यार्थ्यांसोबत शिकण्याची मनाची तयारी किती आहे, ते मोजते. इच्छा आणि कौशल्य या वेगळ्या गोष्टी आहेत. पोहायला शिकायची तयारी शंभर टक्के असली म्हणून पोहता येते असे नाही.

कौशल्याच्या जवळ जाणारी प्रश्नावली म्हणजे ‘इक्कास’. कॅनडातील आर्चिबाल्ड, ट्रम्पॉवर आणि मॅकडॉनल्ड यांनी ती २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात २० विधाने सहा गटांत विभागलेली आहेत : संवाद, सहकार्य, भूमिका आणि जबाबदाऱ्या, रुग्ण व कुटुंबाला केंद्रस्थानी ठेवणे, मतभेद हाताळणे आणि टीमचे कामकाज. टीममधल्या इतरांशी नीट संवाद साधता येतो का, आपल्या भूमिकेची मर्यादा ओळखता येते का, मतभेद असताना सर्वांचे ऐकून घेता येते का, अशा आशयाची ही विधाने असतात.

उत्तर देण्याची पद्धत आपल्या ओळखीची आहे. ‘अजिबात सहमत नाही’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत पर्याय आणि प्रत्येकाला एक अंक. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली ही मापनश्रेणी आता ॲपवरच्या अभिप्रायापासून निवडणूक सर्वेक्षणापर्यंत सगळीकडे दिसते. सर्व अंकांची सरासरी काढली की विद्यार्थ्याचा गुणांक तयार.

पद्धत स्वस्त आहे, सोपी आहे आणि दोनशे विद्यार्थ्यांकडून एका दुपारी गूगल फॉर्मवर भरून घेता येते. तिच्या लोकप्रियतेचे हे मोठे कारण आहे.

प्रशिक्षणानंतर गुण घटले, तर विद्यार्थी बिघडले का?

समजा, नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीने कार्यशाळेआधी ‘मला संवाद चांगला साधता येतो’ या विधानाला ५ पैकी ४ गुण दिले. कार्यशाळेत तिला कळले की, नीट बोलणे म्हणजे संवाद नव्हे. रुग्णाची स्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली मागणी या क्रमाने तीस सेकंदांत फोनवर सांगता यायला हवे आणि समोरच्याने काय ऐकले, याची खात्रीही करून घ्यायला हवी. कार्यशाळेनंतर तोच प्रश्न आला तेव्हा तिने प्रामाणिकपणे ३ गुण दिले.

कागदावर दिसते : प्रशिक्षणाने कौशल्य घटले. प्रत्यक्षात तिच्या मनातली फूटपट्टी बदलली. आधीच्या ४ आणि नंतरच्या ३ मधला ‘एक’ हा एकाच मापाचा नाही. वजनकाटा मध्येच नव्याने जुळवला आणि आधीचे-नंतरचे वजन वजा केले, तर येणाऱ्या फरकाला अर्थ नसतो, तसेच हे.

मापनशास्त्रात याला ‘प्रतिसाद-बदल’ दोष म्हणता येईल. त्यावर १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून एक उपाय सुचवला जातो आणि इक्कासमध्ये तोच वापरला आहे. प्रश्नावली दोनदा भरून घेण्याऐवजी प्रशिक्षण संपल्यावर एकदाच द्यायची आणि तिच्यात दोन रकाने ठेवायचे : ‘प्रशिक्षणाआधी मी कसा होतो’ आणि ‘आता कसा आहे’. दोन्ही उत्तरे एकाच फूटपट्टीने दिली जातात.

पण या उपायाचीही किंमत आहे. दोन रकाने शेजारी शेजारी दिसले की काही तरी सुधारणा दाखवावी, असे बहुतेकांना वाटते. दिवसभर राबलेले शिक्षक समोर उभे असतात. ‘आधी ३, आता ३’ लिहिणे उद्धटपणाचे वाटते. शिवाय आधी आपण कसे होतो, याची आठवण आजच्या नजरेने रंगलेली असते. त्यामुळे एका पद्धतीत सुधारणा लपण्याचा धोका, तर दुसरीत ती फुगण्याचा.

स्वतःला दिलेले गुण खरे असतात का?

थोडक्यात उत्तर : बऱ्याचदा नाही.

कॉर्नेल विद्यापीठातील जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांचा १९९९चा अभ्यास आता समाजमाध्यमांवरच्या मीम्समध्येही पोहोचला आहे. तर्क, व्याकरण अशा चाचण्यांत तळाच्या चतुर्थांशात असलेले विद्यार्थी प्रत्यक्षात १२व्या पर्सेंटाइलच्या आसपास होते. त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज मात्र ६२व्या पर्सेंटाइलचा होता. एखादे काम नीट करायला जे ज्ञान लागते, तेच आपण ते चुकवतो आहोत हे ओळखायलाही लागते, असे त्यांचे स्पष्टीकरण. यातला काही भाग निव्वळ संख्याशास्त्रीय परिणाम आहे, असा आक्षेपही नंतर घेतला गेला. पण माणसाचा स्वतःविषयीचा अंदाज आणि प्रत्यक्ष कामगिरी यांत अंतर असते, हे निरीक्षण अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा आले आहे.

डॉक्टरही त्याला अपवाद नाहीत. २००६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या स्व-मूल्यमापनावरील आधीच्या १७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतल्या २० तुलनांपैकी १३ मध्ये स्वतःला दिलेले गुण आणि बाहेरून मोजलेली क्षमता यांचा संबंध फारच थोडा होता, नव्हता किंवा चक्क उलटा होता. सात तुलनांमध्ये तो जुळत होता. सर्वांत चुकीचे अंदाज कोणाचे, तर ज्यांचे कौशल्य कमी आणि आत्मविश्वास जास्त त्यांचे.

टीमवर्कच्या बाबतीत अडचण आणखी एक पायरी वर जाते. गणित येते की नाही हे एकट्याचे असते. टीमवर्क दोन माणसांच्या मध्ये घडते. मग त्याचे गुण एकानेच कसे द्यायचे?

अमेरिकेतील अतिदक्षता विभागांमधील डॉक्टर आणि परिचारिकांचे एक सर्वेक्षण २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. परिचारिकांशी आपले सहकार्य आणि संवाद चांगला किंवा खूप चांगला आहे, असे ७३ टक्के डॉक्टरांना वाटत होते. डॉक्टरांविषयी तसेच वाटणाऱ्या परिचारिका होत्या फक्त ३३ टक्के. खोली तीच, रुग्ण तेच, संवादही तोच. मात्र आदेश देणाऱ्याला संवाद सुरळीत वाटतो आणि ज्याची शंका ऐकली जात नाही, त्याला तो तुटलेला दिसतो.

म्हणजे फक्त डॉक्टरांचे स्व-मूल्यमापन घेतले असते, तर त्या विभागांची टीम उत्तम असल्याचा निष्कर्ष निघाला असता.

मग ‘विश्वासार्ह प्रश्नावली’ असे शोधनिबंधात का लिहिलेले असते?

अशा अभ्यासांत ‘क्रॉनबॅक अल्फा’ हा आकडा हमखास असतो. ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये तो मांडला. प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत, हे तो सांगतो. ०.७ च्या वर असेल तर ठीक आणि ०.९ च्या आसपास असेल तर फारच सुसंगत, असा सर्वसाधारण संकेत आहे.

इथे वाचकाने एक फरक ध्यानात ठेवायला हवा. घरातला वजनकाटा दर वेळी बरोबर दोन किलो कमी दाखवत असेल, तर तो सातत्यपूर्ण आहे, अचूक नाही. अल्फा फक्त सातत्याबद्दल बोलतो. वीसही विधानांपुढे डोळे मिटून ‘पूर्णपणे सहमत’वर टिचकी मारणारे काही जण आणि सरसकट मधला पर्याय निवडणारे काही जण असले, तरी अल्फा झकास येतो. मोजायचे तेच मोजले जाते आहे का, हा वैधतेचा प्रश्न वेगळा आणि त्याचे उत्तर बाहेरच्या पुराव्याशिवाय मिळत नाही.

‘छताचा परिणाम’ हीदेखील नेहमीची अडचण आहे. ‘टीमवर्क रुग्णाच्या हिताचे आहे’ या विधानाशी असहमत कोण होणार? पहिल्याच दिवशी सरासरी ५ पैकी ४.५ असेल, तर सुधारणा दाखवायला वर जागाच उरत नाही. रिपल्सवरही हा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे.

खूण केली म्हणजे काम झाले?

कागदावरच्या खुणेने किती बदल घडतो, याचा धडा शस्त्रक्रियागृहात मिळाला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहिली गेली. त्यात नवी दिल्लीही होते. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले : सुमारे ७,७०० रुग्णांच्या या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. यादीत एक साधी गोष्ट होती : छेद देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि भूमिका सांगायची.

पुढे कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात १०१ रुग्णालयांत ही यादी लागू झाली. २०१४ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मृत्यू किंवा गुंतागुंतीत लक्षणीय घट आढळली नाही. कारणांवर मतभेद आहेत. पण यादी मनापासून वापरणे आणि वरून आदेश आला म्हणून चौकटी भरणे यांत फरक असतो, हे मत तेव्हा अनेकांनी मांडले.

स्व-मूल्यमापनाचे तसेच आहे. प्रश्नावलीच्या गुणांना अंतर्गत मूल्यमापनात धरले की विद्यार्थी गुणांसाठी भरू लागतात. फॉर्मवर हजेरी क्रमांक असला की कोणी स्वतःला २ गुण देत नाही. मोजमाप हेच लक्ष्य झाले की ते मोजमाप राहत नाही.

मग ही पद्धत टाकून द्यायची का?

नाही. ती कशासाठी वापरायची, हे ठरवायला हवे.

प्रशिक्षणाचा परिणाम तपासण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पायऱ्या मांडल्या. पहिली, शिकणाऱ्याला ते कसे वाटले. दुसरी, तो काय शिकला. तिसरी, कामाच्या जागी त्याचे वागणे बदलले का. चौथी, त्यातून प्रत्यक्ष फायदा झाला का; म्हणजे इथे रुग्णाला. स्व-मूल्यमापन पहिल्या पायरीवर भक्कम असते, दुसरीवर डगमगते आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीबद्दल ते जवळपास काहीच सांगू शकत नाही. गल्लत होते ती पहिल्या पायरीवरचा आकडा चौथीवरचा म्हणून मिरवला की.

योग्य जागी मात्र तिचा खरा उपयोग आहे. एखाद्या तुकडीत संवादाला सगळ्यांनी भरपूर गुण दिले आणि ‘मतभेद हाताळणे’ या गटात सगळेच अडखळले, तर पुढची कार्यशाळा कशावर घ्यायची, हे शिक्षकांना कळते. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा गुणांक एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांपेक्षा ‘ज्येष्ठांना अडवणे’ या बाबतीत सातत्याने कमी येत असेल, तर प्रश्न त्यांच्या कौशल्याचा आहे की त्यांना बोलू न देणाऱ्या वातावरणाचा, ही चर्चा सुरू करता येते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विचार करायला लावणे. कॅनडातील केव्हिन इव्हा आणि ग्लेन रेगेर यांनी २००५ मध्ये एक उपयुक्त भेद मांडला. ‘मी एकूण किती चांगला आहे’ याचे उत्तर माणसाला नीट देता येत नाही. पण ‘आत्ता, या क्षणी मला हे जमते आहे का, की थांबून कोणाला विचारावे’ हे ओळखण्याची क्षमता निराळी आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने तीच जास्त मोलाची. स्व-मूल्यमापनाने ही सवय लावली, तर त्या वीस प्रश्नांचे सार्थक झाले.

पर्याय कोणते?

पहिला पर्याय म्हणजे बाहेरून पाहणे. बाहुल्यावर हृदयविकाराच्या झटक्याचा प्रसंग उभा करायचा, विद्यार्थ्यांची मिश्र टीम आत सोडायची आणि प्रशिक्षित निरीक्षकाने गुण द्यायचे. यासाठी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘टीम’ नावाचे मोजमाप वापरले जाते. त्यात ११ बाबी आहेत आणि प्रत्येकीला ० ते ४ गुण. नेता कोण हे सर्वांना कळत होते का, कामे वाटली गेली का, बदलत्या स्थितीशी टीमने जुळवून घेतले का, हे त्यात पाहिले जाते.

दुसरा, सर्व बाजूंनी अभिप्राय. सोबतचे विद्यार्थी, निवासी डॉक्टर, वॉर्डातील परिचारिका, शक्य तिथे रुग्णसुद्धा. तिसरा, चित्रफीत. आपणच आपल्याला स्क्रीनवर दुसऱ्याचे वाक्य तीनदा तोडताना पाहिले की स्वतःला दिलेले गुण आपोआप जमिनीवर येतात.

यांतली कुठलीच पद्धत फुकट नाही. निरीक्षक लागतात, वेळ लागतो, जागा लागते. म्हणून व्यवहार्य मार्ग जोडीचा आहे : प्रश्नावली सर्वांना, निरीक्षण काही जणांचे आणि दोन्हींतला फरक समोर ठेवून चर्चा. विद्यार्थ्याने स्वतःला ४ दिले आणि सोबतच्या चौघांनी २, तर शिकण्याजोगे सारे त्या दोन गुणांच्या अंतरात असते.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती?

एमबीबीएससाठी २०१९ पासून क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत : उपचार करणारा, आरोग्यसेवा टीमचा नेता आणि सदस्य, संवादक, आयुष्यभर शिकणारा आणि व्यावसायिक. म्हणजे टीमवर्क आता कागदोपत्री अनिवार्य आहे. ‘एटकॉम’ या वृत्ती, नीतिमत्ता आणि संवादाच्या अभ्यासक्रमात आरोग्य टीममध्ये काम करण्यावर स्वतंत्र भाग आहे आणि विद्यार्थ्यांनी स्वतःच्या अनुभवावर चिंतन लिहिणेही अपेक्षित आहे. हेही स्व-मूल्यमापनच, फक्त अंकांऐवजी शब्दांत.

अडचण रचनेची आहे. एमबीबीएस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे, नर्सिंग भारतीय परिचर्या परिषदेकडे, फार्मसी तिच्या परिषदेकडे आणि फिजिओथेरपीसारख्या शाखांसाठी २०२१चा वेगळा कायदा. प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे, परीक्षा वेगळ्या. ‘एकमेकांसोबत’ शिकण्याचा तास नेमका कोणाच्या वेळापत्रकात बसवायचा, हे कोणा एकाचे काम नाही. महाराष्ट्राला मात्र एक सोय आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा शाखा एकत्र आहेत.

दुसरी अडचण भाषेची आणि दर्जाच्या उतरंडीची. या प्रश्नावल्या इंग्रजीत, परदेशातल्या रुग्णालयांसाठी तयार झाल्या. त्यांतल्या ‘टीम’ या शब्दात आपल्याकडे कोण येते? वॉर्डात ‘सर’ असतात, ‘सिस्टर’ असतात, ‘मामा’ आणि ‘मावशी’ असतात. रात्री दोन वाजता रुग्णाचा श्वास बदलल्याचे सर्वांत आधी कधी कधी मावशींनाच जाणवते. पण ‘टीममध्ये संवाद चांगला आहे’ यावर खूण करताना विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर त्या असतात का? नुसते भाषांतर करून हे सुटत नाही. मराठीत उतरवलेली प्रश्नावली दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत करून मूळ अर्थ टिकला का, हे पाहावे लागते. मग इथल्या विद्यार्थ्यांवर ती तपासावी लागते.

प्रश्नावली भरताना काय ध्यानात ठेवावे?

विद्यार्थ्यांसाठी :

• प्रत्येक विधानापुढे गुण देण्याआधी गेल्या पंधरवड्यातला एक खरा प्रसंग आठवा. प्रसंग आठवत नसेल, तर मोठा गुण देऊ नका.

• ‘मी असतो तर काय केले असते’ हे नव्हे, ‘मी काय केले’ हे लिहा.

• तोच फॉर्म तुमच्याविषयी सोबतच्या दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याकडून भरून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा.

शिक्षकांसाठी :

• फॉर्म निनावी ठेवा आणि त्याचे गुण निकालात धरणार नाही, हे आधीच सांगा.

• काही विधाने उलट अर्थाची ठेवा. न वाचता खुणा करणारे त्यातून कळतात.

• शक्य असेल तिथे प्रशिक्षण न घेतलेल्या तुकडीचीही तुलना करा. सरासरी ३.१ वरून ४.२ झाली, तरी ती प्रशिक्षणाने वाढली की नुसता काळ गेल्याने, हे त्याशिवाय सांगता येत नाही.

आणि अशा अभ्यासाची बातमी वाचणाऱ्यांसाठी एकच प्रश्न पुरेसा आहे : हे गुण कोणी दिले?

ब्रिटनमधल्या त्या खोलीत संच आणणारी परिचारिका होती, तो वापरू शकणारे डॉक्टरही होते. एकेकट्याचे कौशल्य मोजले असते, तर कदाचित सगळेच उत्तीर्ण झाले असते. कमी पडले ते दोघांच्या मधले एक वाक्य. ते वाक्य वेळेवर उच्चारले जाते का आणि समोरचा ते ऐकतो का, हे वीस प्रश्नांच्या कागदावरून कळत नाही. आपल्याला ते उच्चारता येते का, हा विचार विद्यार्थिदशेतच सुरू व्हावा, एवढे काम मात्र तो कागद करू शकतो.